सपाट पडद्यावरची चकाकी

संकेतस्थळाच्या माथ्यावर ‘मुख्य पान’, ‘परिचय’, ‘संपर्क’ अशा पट्ट्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यांना टॅब म्हणतात. काही टॅब काचेचे केल्यासारखे फुगीर आणि चकचकीत दिसतात. बोट फिरवून पाहा, पडदा तर सपाटच! मग ही चकाकी आली कोठून?

कोल्हापूरकरांना हे कोडे नवे नाही. येथील बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगवीत. सपाट कापडावर गोलाई दाखवायची ती छायाप्रकाशानेच. संगणकावर ॲपल कंपनीने २००० साली ‘ॲक्वा’ नावाची चकचकीत मांडणी दाखवली आणि अशा टॅबची लाटच आली. २०१३ नंतर ती ओसरली, पण त्यामागचे प्रकाशशास्त्र शिकण्यासारखे आहे.

लाल प्लास्टिकची बादली घ्या. बादली लाल, पण तिच्यावरचा चमकता डाग पांढरा! प्लास्टिकवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के पृष्ठभागावरूनच परततो. तो आतल्या रंगापर्यंत पोचतच नाही, म्हणून दिव्याचा रंग तसाच घेऊन येतो. उरलेला आत शिरतो आणि लाल होऊन बाहेर पडतो. धातूचे तसे नाही. कोल्हापुरी साजावरची चमक सोनेरीच असते. तेव्हा टॅब काचेचा हवा असेल तर चमक पांढरी ठेवा.

ती नेमकी कोठे ठेवावी? स्टीलचा पेला खिडकीसमोर आडवा धरा. वरचा अर्धा भाग आकाशाकडे कललेला असल्याने उजळ दिसतो. खालच्या भागात जमिनीचे प्रतिबिंब असते. टॅबच्या मध्यावरची ती स्पष्ट आडवी रेघ म्हणजे जणू क्षितिजच. आता काचेची रंगीत गोटी उजेडात धरा. प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला ती आतून उजळते, कारण गोटी भिंगासारखी प्रकाश एकत्र आणते. म्हणूनच टॅबचा तळ किंचित फिकट रंगवतात.

हे काम ‘गिंप’ या मोफत चित्र-संपादकात करता येते. त्यात पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे थर असतात. तळाच्या थरावर गोल कोपऱ्यांची निळी पट्टी काढा. तिचा रंग खाली फिकट होत जाऊ द्या. दुसऱ्या थरावर वरचा अर्धा भाग पांढरा करून त्याची अपारदर्शकता कमी करा. अक्षरे सर्वांत वर.

आता थोडे गणित. समजा पट्टीचा मूळ रंग लाल ४०, हिरवा ९०, निळा १८० असा आहे (प्रत्येकी कमाल २५५). पांढरा थर ४० टक्के ठेवला, तर लाल घटक ०.४ × २५५ + ०.६ × ४० = १२६ होतो. तसेच हिरवा १५६ आणि निळा २१०. चमक झकास! पण पांढरी अक्षरे? मूळ निळ्यावर अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर सुमारे ६.५ होते, चमकेखाली ते २.८ वर घसरते. महाजालाची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुरासाठी ते किमान ४.५ हवे, कारण दृष्टी अधू असलेल्यांनाही वाचता आले पाहिजे. पुष्कळ टॅब येथेच नापास होत!

पांढरा थर १५ टक्क्यांवर आणा. गुणोत्तर सुमारे ४.७ होते. चकाकी मंदावते खरी, पण क्षितिजाची रेघ स्पष्ट ठेवलीत तर डोळा तेवढ्यावरही टॅबला काच समजतो.