पारीच्या आत सूप जातं कसं?

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)

आज आधी एक कोडं घालते. मैद्याची पातळ पारी लाटलीत. तिच्यात चमचाभर पातळ रस्सा ओतलात, वरून मोदकासारख्या कळ्या पाडून तोंड बंद केलंत आणि वाफवायला ठेवलंत. काय होईल? ज्यांनी आयुष्यात एकदा तरी मोदक केलाय त्या लगेच सांगतील, की वाफवण्यापर्यंत गोष्ट जाणारच नाही. कळी पाडता पाडताच रस्सा हातावर येईल, पारी भिजेल आणि फाटेल. तरीही जगात एक पदार्थ असा आहे, की तो टोपलीतून उचलला तर आत सूप डुचमळताना बाहेरून दिसतं. थेंबही सांडत नाही. मी तो खाल्लाय.

माझी धाकटी बहीण सिंगापूरला असते. तिच्याकडे दहा दिवस गेले होते तेव्हा ती मला तिथल्या चायनाटाउनमधल्या मोठ्या खाऊबाजारात घेऊन गेली. खाऊबाजार हा माझा शब्द, तिथे त्याला हॉकर सेंटर म्हणतात. म्हणजे फेरीवाल्यांचं केंद्र. एका छपराखाली ओळीने छोटे छोटे गाळे, मध्ये सगळ्यांची मिळून टेबलं-खुर्च्या. कुठल्याही गाळ्यावरून घ्या, कुठेही बसा. टेबलावर नुसतं कागदी रुमालाचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली असते. आपल्याकडे एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकतात, अगदी तसंच. हे बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आम्ही ज्या गाळ्यावर गेलो तो आपल्या पानाच्या टपरीपेक्षा थोडा मोठा असेल. आत दोघंच, नवरा-बायको, साठीच्या पुढचे. तो कणीक ओढत होता, ती पाऱ्या भरत होती. पाटीवर मोजून सात-आठ पदार्थ. एका टोपलीचे सहा-सात डॉलर, म्हणजे आपले चारशे रुपये मागे-पुढे. सिंगापूरच्या मानाने हे स्वस्त जेवण.

पदार्थाचं नाव शिआओलोंगबाओ. चिनी भाषेत शिआओ म्हणजे लहान, लोंग म्हणजे वाफवायची टोपली आणि बाओ म्हणजे सारण भरलेली गोल पुरचुंडी. टोपलीतली लहान पुरचुंडी, एवढं साधं नाव. एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. मूळ पदार्थात डुकराचं मांस असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी तो न खाताही समजून घ्यायला हरकत नाही, कारण करण्याची रीत फार हुशारीची आहे.

आता कोड्याचं उत्तर. सूप पातळ भरतच नाहीत, घट्ट भरतात. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत रात्री पायाचा रस्सा केला आणि उरलेला पातेल्यात राहिला, तर सकाळी काय दिसतं? रस्सा गोठून त्याची थरथरणारी वडी झालेली असते. चुलीवर ठेवला की मिनिटात पुन्हा पातळ. जनावराच्या कातडीत आणि सांध्यांत एक चिवट द्रव्य असतं. तासन् तास मंद आचेवर उकळलं की ते पाण्यात उतरतं, आणि पाणी गार झालं की ते पाण्याला धरून ठेवतं. चिनी आचारी डुकराची कातडी आलं, कांद्याची पात घालून असंच उकळतात, गाळतात, गार करून वडी पाडतात. ती वडी बारीक चिरून खिम्यात मिसळतात आणि ते घट्ट सारण पारीत भरतात. वाफ लागली की आतली वडी वितळते. तोवर पारी शिजून तिचं तोंड पक्कं झालेलं असतं. सूप आत जात नाही, ते आतच तयार होतं.

बहिणीने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, हे तर आपल्याला माहीतच होतं, फक्त मोदकात घालायचं सुचलं नाही!

पारी मात्र आपल्या मोदकापेक्षा वेगळी. तांदळाच्या पिठात चिवटपणा नसतो, म्हणून आपण उकळत्या पाण्यात उकड काढतो. पीठ शिजून चिकट होतं आणि मगच वळतं. मैद्याला मुळातच ताण असतो, त्यामुळे ती पारी कागदासारखी पातळ लाटता येते. लाटण्यातही एक मेख आहे. मध्यभाग जरा जाड आणि कडा पातळ ठेवतात. सगळ्या कळ्या वर एकत्र येतात, तिथे कडा जाड असेल तर गोळा होऊन कच्चा राहील. आणि बुडाशी सुपाचं सगळं वजन येतं, तिथे पातळ ठेवून चालणार नाही. उकडीचा मोदक वळणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. तिचा अंगठा आपोआप कडेकडे जातो.

वाफवायची टोपली बांबूची असते, झाकणही बांबूचं विणलेलं. आपल्या मोदकपात्राच्या झाकणाला वाफेचं पाणी धरतं आणि मोदकावर टपकतं, म्हणून आपण झाकणाला फडकं बांधतो. बांबू ते पाणी शोषून घेतो, थोडी वाफ बाहेरही जाऊ देतो. आणि आपण खाली हळदीचं किंवा केळीचं पान घालतो, तसं तिथे कोबीचं पान, ओलं फडकं नाहीतर भोकाभोकांचा कागद घालतात. पुरचुंडी टोपलीला चिकटली की उचलताना बूड फाटलं आणि सूप गेलं. मग राहिलं काय, साधा खिमा.

खायचीही रीत आहे. पुरचुंडी वरच्या शेंड्याला चॉपस्टिकने हलके धरून खोलगट चमच्यात ठेवायची. बाजूला छोटं भोक पाडायचं, वाफ जाऊ द्यायची, मग सूप ओढून घ्यायचं आणि उरलेलं खायचं. सोबत काळसर व्हिनेगरमध्ये आल्याचे केसासारखे काप. आंबट आणि तिखट आल्याने मांसाचा तेलकटपणा कापला जातो, आपण मटणाबरोबर लिंबू पिळतो तसा. अख्खी पुरचुंडी तोंडात टाकली तर टाळू भाजलाच म्हणून समजा. शेजारच्या टेबलावरच्या एका आजींनी मला न विचारता खुणांनीच हे सगळं शिकवलं. भाषा येत नव्हती, पण सुनेला शिकवताना सासूच्या चेहऱ्यावर असतो तो भाव मी बरोबर ओळखला.

हा पदार्थ मूळ शांघायजवळच्या नानशियांग गावचा, एकोणिसाव्या शतकातला असं सांगतात. पण मला जास्त आवडली ती तैवानमधल्या एका दुकानाची गोष्ट. तैपेई शहरात यांग बिंग-यी नावाच्या माणसाने १९५८ मध्ये खाण्याच्या तेलाचं दुकान काढलं. सुटं तेल विकायचं. पुढे डब्यातलं तेल बाजारात आलं आणि सुट्या तेलाचं गिऱ्हाईक आटलं. तेव्हा १९७२ च्या सुमारास नवरा-बायकोने अर्धं दुकान रिकामं करून तिथे या पुरचुंड्या विकायला सुरुवात केली. अर्ध्यात तेल चालूच ठेवलं. दुकानाचं नाव दिन ताई फुंग. आज त्याच्या शाखा कितीतरी देशांत आहेत. तिथे एका पुरचुंडीचं वजन ठरलेलं आहे, पारी ५ ग्रॅम आणि सारण १६ ग्रॅम, आणि कळ्या १८. काचेमागे उभे राहून कामगार ते करतात आणि गिऱ्हाईक बाहेरून बघतं. अर्धं दुकान तसंच ठेवलं ही गोष्ट मी आमच्या बायकांना आवर्जून सांगते, कारण आपल्याकडे नवा धंदा म्हटलं की चालू शिलाई मशीन विकायला निघणाऱ्या मी पाहिल्यात.

आता नूडल्स. त्या गाळ्यावरचा नवरा करत होता त्याला लामिएन म्हणतात, ओढून केलेल्या शेवया. यंत्र नाही, सुरी नाही. मळून मळून मऊ केलेल्या कणकेची जाड वळी तो दोन्ही हातांनी ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आठ वेळा दुमडलं की २५६ शेवया होतात, मोजून बघा. मध्ये मध्ये वळीला पीळ देतो, म्हणजे पिठाचा ताण सगळा एकाच दिशेला बसतो. कोरडं पीठ भुरभुरतो, म्हणजे धागे चिकटत नाहीत. दोन्ही टोकांचे जाड गोळे तोडून टाकतो आणि बाकीचं थेट उकळत्या पाण्यात. मिनिटभरात शिजतात.

याचं मोठं ठिकाण म्हणजे चीनच्या वायव्येचं लांझोऊ शहर. तिथले हुई मुसलमान हे काम पिढ्यान् पिढ्या करतात. त्यांचा रस्सा गोमांसाचा, नितळ, त्यात मुळ्याच्या पांढऱ्या चकत्या, लाल मिरचीचं तेल, हिरवी कोथिंबीर. केसासारख्या बारीकपासून पट्ट्यासारख्या रुंद शेवयांपर्यंत गिऱ्हाईक मागेल तशी जाडी ओढून देतात. कणीक इतकी ताणली जावी म्हणून तिथे एका रानझुडपाची राख पिठात घालायची पद्धत होती. आता तयार पूड मिळते. राखेतला क्षार पिठाला चिवटपणा देतो आणि किंचित पिवळा रंगही. आपण पापडात पापडखार घालतो तो याच जातीचा.

खानदेशातल्या बायका हे ऐकून हसतील. खापरावरचे मांडे करताना पुरणाची पोळी लाटण्याने नाही, दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवतात, आणि ती फाटत नाही. पाटावर हाताने शेवया वळून काठीवर वाळत घालणाऱ्या आज्या अजून गावोगावी आहेत. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात मांड्यांच्या स्टॉलसमोर मोबाईल धरून उभी राहिलेली गर्दी मी पाहिली आहे. सिंगापूरच्या त्या गाळ्यासमोरही तशीच होती.

आपल्या गाडीवरचं चायनीज हे प्रकरण अगदीच वेगळं. त्याचा उगम कोलकात्यात येऊन राहिलेल्या चिनी लोकांच्या स्वयंपाकात, आणि पुढे मुंबईने त्याला मसाल्याचा हात लावला. मंचुरियन चीनमध्ये शोधून सापडायचं नाही. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. फक्त लाल रंग आणि पाच मिनिटांत उरकायची घाई मला पटत नाही.

सिंगापूरचे हे खाऊबाजार आपोआप उगवलेले नाहीत. तिथेही पूर्वी खाद्यपदार्थांच्या गाड्या रस्त्यावर, गटारावर लागत होत्या. सरकारने आधी त्यांची नोंद केली, परवाने दिले आणि १९७० आणि १९८० च्या दशकांत त्यांना नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या केंद्रांत जागा दिल्या. आज अशी शंभराहून अधिक केंद्रं आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. गाळेवाल्याला अन्नस्वच्छतेचं शिक्षण घ्यावंच लागतं. २०२१ पासून खाऊन झाल्यावर ताट स्वतः उचलून ठेवणं गिऱ्हाइकाला सक्तीचं आहे, नाहीतर दंड. हलाल भांडी ठेवायची मांडणी वेगळी आणि इतर भांड्यांची वेगळी असते. मला ही व्यवस्था सुपापेक्षाही जास्त लक्षात राहिली.

पण तिथेही एक दुखणं आहे. गाळेवाल्यांचं वय साठीच्या घरात गेलंय. पहाटेपासून उभं राहायचं, दिवसभर वाफेत काढायचा आणि दर स्वस्तच ठेवायचा. मुलं शिकली, त्यांना हे नको. त्या दोघांच्या मागे तो गाळा कोण चालवणार, हे मी विचारलं नाही, पण गाळ्यात तिसरं कुणी दिसत नव्हतं.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आमच्या एका गटातल्या पाच जणींनी बसस्थानकाजवळ चायनीजची गाडी लावण्यासाठी गटाकडे चाळीस हजारांचं कर्ज मागितलंय. त्या रस्त्यावर आधीच चार गाड्या आहेत आणि चारही तेच विकतात. नूडल्स पाकिटातले, सॉस बाटलीतला, दर पाडापाडीचा. गाडीवर संध्याकाळी उभं कोण राहणार यावरून दोन घरांत आत्ताच भांडणं झालीत. कर्ज द्यावं की नाही हे गट ठरवेल, माझं मत मी बैठकीत मांडलंय. हातात जे कसब आहे त्याच्या जवळचं काहीतरी विका, आणि करताना गिऱ्हाइकाला दिसू द्या.

त्यावर त्यांच्यातलीच एक म्हणाली, ताई, मग शाकाहारी सूप-मोदक करून बघू. कातडीऐवजी काय? आपल्याकडे पुडिंगला लागतो तो चायना ग्रास. तो समुद्री शेवाळापासून होतो, त्यामुळे शाकाहारी माणसाला चालतो. कातडीची वडी आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवली तर वितळून जाईल. चायना ग्रासची वडी चाळीस अंशांच्या उन्हातही टिकते आणि चांगली वाफ लागल्यावरच विरघळते. तोटा एकच. पुरचुंडी कोमट झाली की सूप आत पुन्हा गोठतं. म्हणजे पार्सल देता येणार नाही, गिऱ्हाइकाला तिथेच गरम वाढावं लागेल.

पहिल्या घाण्याला मक्याचं आणि भाज्यांचं पाणी आटवून वडी केली, सारणात कोबी, गाजर आणि पनीर. बारा पुरचुंड्यांपैकी चार फुटल्या, त्या सगळ्या कडा जाड राहिलेल्या. आठ टिकल्या. गटातल्या सगळ्यात वयस्क काकूंनी वळलेल्या तिन्ही टिकल्या. व्हिनेगरऐवजी आल्याचं आणि लिंबाचं पाणी ठेवलं होतं, ते सगळ्यांना आवडलं. एका नगाचा खर्च गॅस धरून अजून काढायचाय, आणि अन्न नोंदणीच्या कागदपत्रांसाठी दोघींची आधारकार्डं बाकी आहेत. पुढचा घाणा येत्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता समाजमंदिरात आहे. येणाऱ्यांनी आपापलं लाटणं आणावं, लहान, दोन्ही टोकांना निमुळतं असलेलं.