पहिलीच्या वर्गात काय चाललंय, ते घरीही कळू द्या!

कपाशीवर मावा दिसला की शेतकरी त्याच दिवशी कृषी केंद्र गाठतो. म्हशीचं दूध दोन दिवस कमी आलं की घरातली बाई पेंड-पाण्याचा हिशेब लावते. पण त्याच घरातलं सहा वर्षांचं पोर रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेत जातं, संध्याकाळी परत येतं आणि मधल्या वेळात तिथं काय घडलं याचा घरी कुणाला पत्ता नसतो. "आज काय शिकवलं रे?" असं विचारलं तर पोर म्हणतं, "काय नाय," आणि खेळायला पळतं. चौकशी तिथंच संपते.

यात पोराचा दोष नाही. एवढ्या लहान वयात दिवसभराचं नीट सांगता येत नसतं. ते सांगणं शाळेचं काम आहे. आमच्या गावोगावच्या शाळांतून नेमकं हेच काम मागं पडतं, आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागते.

'नुसता खेळ चाललाय'

आजच्या पालकांना आपली पहिली आठवते ती पाटी-पेन्सिलीची. अक्षरं गिरवायची, उजळणी म्हणायची, चुकलं की छडी. आता वर्गाचं रूप पालटलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधील शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं शिकवून दाखवलं. ते पाहायला इतर जिल्ह्यांतले शिक्षक तिथं गेले. शासनानं २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा निर्णय काढला. तेव्हापासून कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या फरशीवर अक्षरं आणि आकडे रंगले. मुलं गटागटानं खाली बसतात. हातात चिंचोके, काड्या, बाटल्यांची झाकणं असतात. गुरुजीही त्यांच्यातच मांडी घालून बसलेले.

खिडकीतून डोकावणाऱ्या बापाला काय दिसतं? वही कोरी आणि पोरं काड्या मोजतायत. मग पारावर बोलणं सुरू होतं : "शिकवत कुठं आहेत? नुसता खेळ चाललाय." पुढच्या जूनमध्ये ते पोर जीपमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागतं. बापाच्या खिशाला फीचा भार पडतो आणि गावच्या शाळेचा पट एकानं कमी होतो.

काड्या कशासाठी मोजतात, एवढं कुणी सांगितलं असतं तर? दहा सुट्या काड्यांना रबर लावून एक गठ्ठा करायचा. असे तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या म्हणजे चौतीस. चौतीसमधले तीन हे नुसते तीन नसून तीन दहा म्हणजे तीस आहेत, हे मुलाच्या हाताला कळतं. पुढं बेरजेत 'हातचा' येतो तेव्हा असं पोर अडत नाही, कारण हातचा म्हणजे नवा गठ्ठा हे त्यानं स्वतः बांधून पाहिलेलं असतं. ज्यानं नुसतेच आकडे पाठ केले, तो हातचा कुठून आला म्हणून गोंधळतो. बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या आईला हे समजायला कितीसा वेळ लागेल? एकदा कळलं की तीच उद्या पोराला जवळ बसवून जुड्या मोजायला लावील.

वाचनाचंही तसंच. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरं आधी पाठ करून घ्यायची, असं आता सगळीकडं नसतं. थोडी अक्षरं घ्यायची, त्यांचे शब्द करायचे, मग काना-मात्रा, मग आणखी अक्षरं, असंही शिकवतात. घरी मात्र आजोबा विचारतात, "क्ष, ज्ञ येतं का?" पोर गप्प. आजोबा म्हणतात, "काही येत नाही याला." खरं म्हणजे ते पोर 'मगर', 'गवत', 'कमळ' ओळखून वाचत असतं. पण ते आजोबांना कुणी सांगितलेलंच नाही!

कायदाही हेच सांगतो

पालकांना सांगणं ही गुरुजींची मेहेरबानी नव्हे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगावी, हे त्यांतलंच एक कर्तव्य आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात.

कागदावर हे सगळं आहे. पण समितीच्या सभेत बहुतेक वेळा काय बोललं जातं? खोलीची गळती, कंपाउंड, पोषण आहाराचा तांदूळ. हे विषय महत्त्वाचे, यात वाद नाही. मात्र दुसरीतली किती मुलं वाचू लागली, हा विषय निघण्याआधीच ठरावावर सह्या होऊन चहा आलेला असतो.

प्रगतिपत्रकाची तीच गत. २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांच्या जागी श्रेणी आल्या. पालकाच्या हाती कागद पडतो, त्यावर 'ब-१' असतं. शेजारी 'सहभाग समाधानकारक' अशी नोंद. यातून आईनं काय समजायचं? त्यापेक्षा बाईंनी तोंडी सांगावं : "तुमची मुलगी गोष्ट ऐकून छान सांगते. जोडाक्षर आलं की अडखळते. रोज एका दुकानाची पाटी वाचायला लावा." एवढ्यानं आईला कळतं, आणि काय करायचं तेही कळतं.

शाळा अंगणात गेली होती

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडला नेलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर न्यायची, म्हणून त्यांनी अंगणवाडी भरवली. शाळा अंगणात भरली की शिकणं आई-आजीच्या डोळ्यांदेखत चालतं. वेगळी चिठ्ठी धाडावी लागत नाही. २०२२ मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचं अभियान झालं, तेव्हा गावोगाव मातांचे गट करण्यात आले, तेही याच वाटेनं. जिथं असे गट जिवंत आहेत ते टिकवावेत, जिथं नुसते यादीत उरलेत तिथं पुन्हा बसवावेत.

आता बरेच शिक्षक मोबाइलवर वर्गाचा गट करतात. चांगलंच आहे. पण मोबाइल बहुतेक घरी बापाच्या खिशात, बाप रानात, आणि अभ्यास घेणार आई! शिवाय निरोपाची भाषा परिपत्रकाची. 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द वाचून कुणाच्या घरी काय उजेड पडणार? ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी गुरुजींनी आपल्याच आवाजात दोन वाक्यं बोलून पाठवली तर ती आजीलाही ऐकता येतील.

सर्वांत अवघड गाठ ऊसतोड मजुरांची. दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर राहतात. पोर मागं राहिलं तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. बरोबर गेलं तर शिक्षण हमी कार्ड घेऊन. अशा वेळी टोळी निघण्याआधी आई-बापाला बसवून पोर कुठवर आलं ते सांगावं, आणि मागं राहणाऱ्या आजीलाच पालक समजून सभेला बोलवावं.

करायचं काय?

यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. शिक्षकांना करता येईल ते असं :

* वर्गाच्या दारावर फळा लावून 'या आठवड्यात आम्ही काय शिकतोय' हे दोन ओळींत लिहावं.
* सभा मजुरीच्या वेळेत न ठेवता संध्याकाळी, शक्य तर वस्तीवरच घ्यावी.
* १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला गाव शाळेत येतंच. भाषणं आवरती घेऊन पहिली-दुसरीच्या पोरांना वाचून, मोजून दाखवू द्यावं.
* परिपाठ किती वाजता, वाचन केव्हा, जेवणाची सुट्टी कधी, हे पालकांना माहीत असावं. मग बाजारासाठी पोराला मधूनच नेताना त्याचं काय बुडतंय ते कळेल.

पालकांनीही हात झटकू नयेत. "पोरगं हुशार आहे का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. त्याऐवजी विचारावं : आता काय चाललंय? याचं कुठं अडतं? घरी आम्ही काय करू?

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' योजनेत तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. कारण उघड आहे. चौथीत गेलेल्या पोराला वाचता येत नसेल तर परिसर अभ्यासाचं पुस्तकही त्याला बंदच. पहिली-दुसरीत नापास कुणी होत नाही, त्यामुळं हे मागं पडणं निकालात दिसत नाही. ते पालकाला वेळेवर सांगणारा एकच माणूस गावात असतो, तो म्हणजे वर्गशिक्षक. तेव्हा येत्या सभेत सही करण्याआधी समितीच्या सदस्यांनी एवढंच म्हणावं, "गुरुजी, आधी पहिलीच्या वर्गाचं सांगा."