ग्रीक गेले कुठेच नव्हते

आपल्या शालेय इतिहासात ग्रीक येतात अलेक्झांडरबरोबर आणि जातातही त्याच्याच फौजेबरोबर. त्यानंतर त्यांची गाठ पडते ती थेट ऑलिंपिकमध्ये, नाहीतर कर्जात बुडालेल्या एका युरोपीय देशाच्या बातम्यांत. मधली दोन हजार वर्षे कोरीच. साहजिकच त्या कोऱ्या जागेत समजुती भरल्या जातात.

प्राचीन काळी ‘ग्रीस’ नावाचा एक देश होता, ही त्यातली पहिली. असा देश नव्हताच. अथेन्स, स्पार्टा, कॉरिंथ अशी शेकडो नगरराज्ये होती आणि ती बहुतेक वेळा एकमेकांच्या उरावर बसलेली असत. ही वस्ती आजच्या ग्रीसपुरतीही नव्हती. फ्रान्समधले मार्सेय आणि इटलीतले नेपल्स ग्रीकांनीच वसवले. आर्किमिडीज सिसिलीचा होता आणि थेलीसच्या मिलेटस नगराचे अवशेष पाहायला आज तुर्कस्तानात जावे लागते. भाषा, देवदैवते आणि ऑलिंपियासारखे उत्सव एवढाच त्यांना जोडणारा धागा होता.

रोमने इ. स. पू. १४६ मध्ये कॉरिंथ धुळीला मिळवले आणि ग्रीकांचे पर्व संपले, असे धरून चालणारे पुष्कळ. स्वातंत्र्य गेले हे खरे, पण रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या भागात व्यवहार आणि विद्या ग्रीकमध्येच चालू राहिली. बायबलचा ‘नवा करार’ लिहिला गेला तोही ग्रीकमध्ये. इ. स. २१२ मध्ये सम्राट काराकालाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र प्रजेला नागरिकत्व दिले आणि ग्रीक माणूस कायद्याने रोमन झाला. पुढे पश्चिमेचे साम्राज्य कोसळले, पूर्वेचे १४५३ पर्यंत टिकले. त्याला आपण ‘बायझंटाईन’ म्हणतो. ते नाव रूढ झाले हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताच्या १५५७ मधल्या ग्रंथानंतर, म्हणजे साम्राज्य बुडून शंभर वर्षे उलटल्यावर. तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत, आणि तेही ग्रीक भाषेत. उलट ‘हेलेन’ या ग्रीकांच्या स्वतःच्या जुन्या नावाचा मूर्तिपूजक असा अर्थ ख्रिस्ती काळात कित्येक शतके चालत आला होता.

स्वतःला रोमन म्हणवण्याची ही सवय किती खोल होती? लेम्नोस बेटावर जन्मलेले इतिहासकार पीटर खारानिस यांनी लहानपणची एक आठवण सांगितली आहे. १९१२ मध्ये ग्रीक सैन्याने ते बेट तुर्कांकडून घेतले, तेव्हा गावातली पोरे शिपायांना बघायला धावली. काय बघताय, असे एकाने विचारले. पोरे म्हणाली, हेलेन बघतोय. अरे, मग तुम्ही कोण? आम्ही रोमन!

तेव्हा ग्रीस स्वतंत्र होऊन ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती.

या स्वातंत्र्याचे चित्रही आपण फार सोपे करून टाकतो: तुर्कांची चारशे वर्षांची गुलामी, मग १८२१ चा उठाव आणि प्राचीन राष्ट्र पुन्हा जागे. ऑटोमन राजवटीत जाच होता, यात शंका नाही. पण इस्तंबूलच्या फानार मोहल्ल्यातली बडी ग्रीक घराणी याच राजवटीत सुलतानाचे दुभाषे आणि प्रांतांचे राज्यपाल झाली. ग्रीक व्यापारी व्हिएन्नापासून कोलकात्यापर्यंत पसरले होते, आणि उठावाची गुप्त संघटना १८१४ मध्ये स्थापन झाली ती काळ्या समुद्रावरच्या ओडेसात. तुर्की आरमाराला जेरीस आणणाऱ्या हायड्रा बेटावरच्या खलाशांच्या घरात तर अल्बेनियन बोलली जाई. शेवटी पारडे फिरवले १८२७ मध्ये नावारिनोच्या उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन तोफांनी. याच तीन सत्तांनी गादीवर आणून बसवला सतरा वर्षांचा ऑटो. तो बव्हेरियाचा राजपुत्र. त्याच्या राज्यात जितके ग्रीक होते, त्याहून अधिक बाहेर राहिले.

१८३४ मध्ये नाफ्प्लिओहून राजधानी अथेन्सला हलली. अथेन्स तेव्हा लहानसे, युद्धाने मोडलेले गाव होते. निवड झाली ती पूर्वपुण्याईवर. अक्रोपोलिसवर आज दिसते ते निखळ प्राचीन दृश्यही याच काळात घडवलेले आहे. पार्थेनॉन शतकानुशतके चर्च होते, नंतर मशीद झाले. आतली छोटी मशीद १८४० च्या दशकात पाडली, मध्ययुगीन मनोरा १८७५ मध्ये. माझ्या मते ग्रीकांची मधली शतके आपल्या नजरेतून निसटतात, याचे एक कारण ही साफसफाई. इतिहासकार पापारिगोपुलोस यांनी मात्र त्याच शतकात, प्राचीन, बायझंटाईन आणि आधुनिक असा सलग इतिहास लिहून ती शतके ग्रीकांना परत मिळवून दिली.

राहिला रक्ताचा प्रश्न. आजच्या ग्रीकांत प्राचीनांचे रक्तच नाही, असे फालमेरायर या जर्मन लेखकाने १८३० मध्ये ठोकून दिले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने ते खोडले: आजचे ग्रीक मायसीनीयन, म्हणजे कांस्ययुगातल्या, लोकांशी बरेच जुळतात, मात्र मधल्या काळात सरमिसळही झालेली आहे. पण ग्रीक कोण, हे ठरवायची खरी वेळ आली तेव्हा रक्त कोणी तपासले नाही, भाषाही विचारली नाही. १९२३ च्या लोझान कराराने ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली, ती धर्मावरून. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. त्यातले बहुतेक १९२२ मध्ये तुर्कांनी ग्रीक सैन्याचा पराभव केल्यानंतर आधीच पळून आलेले होते. साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात गेले. कापाडोकियाचे अनेक ख्रिस्ती घरात तुर्की बोलत आणि ती ग्रीक लिपीत लिहीत. ते ‘ग्रीक’ ठरले. क्रीटच्या मुसलमानांची मातृभाषा ग्रीक होती. ते ‘तुर्क’ ठरले, आणि आयवालिकसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत, गेलेल्या ग्रीकांच्या घरांत राहायला गेले.