नकाशाचे ॲप मुक्त भांडारात कसे दाखल होते

शाळेच्या ग्रंथालयात नवे पुस्तक आले म्हणजे ते थेट कपाटात ठेवीत नाहीत. त्याची पाने पाहिली जातात, त्यास दाखल क्रमांक मिळतो, शिक्का बसतो. मोबाइलच्या ॲपांबाबत अशीच शिस्त पाळणारे एफ-ड्रॉइड नावाचे एक भांडार २०१० साली अँड्रॉइड फोनांकरिता सुरू झाले. त्यात केवळ मुक्त स्रोत ॲप घेतले जाते. मुक्त स्रोत म्हणजे ज्याची मूळ संहिता, अर्थात रचनाकाराने लिहिलेल्या आज्ञा, कोणासही वाचता, वापरता, बदलता व पुन्हा वाटता येते असे. फुकट मिळणारे प्रत्येक ॲप मुक्त असते असे मात्र नव्हे. हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

या भेदाचे महत्त्व एका नकाशाच्या ॲपवरून स्पष्ट होते. इंटरनेट नसतानाही रस्ता दाखविणारे ‘मॅप्स मी’ हे ॲप २०११ च्या सुमारास निघाले. त्यातील नकाशा ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा, म्हणजे २००४ साली इंग्लंडात आरंभ झालेल्या व जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेल्या मुक्त नकाशाचा होता. २०१५ साली ॲपची संहिता खुली करण्यात आली. पुढे २०२० साली मालकी बदलली आणि ॲपने निराळी वाट धरली. संहिता बंदिस्त असती तर जुन्या ॲपवर विसंबलेल्यांना हात चोळीत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. परंतु एकदा दिलेला मुक्त परवाना मागे घेता येत नाही. मूळ रचनाकारांपैकी काहींनी तीच खुली संहिता उचलली, तीतील जाहिराती व पाळत ठेवणारे भाग काढून टाकले, आणि २०२१ साली ‘ऑरगॅनिक मॅप्स’ हे ॲप लोकांपुढे ठेवले. ते एफ-ड्रॉइडमध्येही दाखल झाले.

हे दाखल होणे म्हणजे तयार ॲप पाठवून देणे नव्हे. शालेय पोषण आहाराचे उदाहरण येथे चपखल बसते. बाहेरून शिजून आलेल्या डब्यात काय पडले आहे हे शिक्षकास कळणे कठीण. तांदूळ व डाळ शाळेतच निवडून शिजविली तर शंकेस जागा उरत नाही. एफ-ड्रॉइड तयार डबा सहसा स्वीकारीत नाही. ते धान्य मागते. जो कोणी ॲप सुचवितो तो एक लहानशी नोंद लिहून देतो. संहिता कोठे ठेवली आहे, परवाना कोणता, कोणत्या आवृत्तीपासून व कोणत्या क्रमाने बांधणी करावयाची, एवढे तीत असते. स्वयंसेवक ती नोंद तपासतात. संहितेत बंदिस्त घटक दडले आहेत काय, हे शोधण्याकरिता यंत्राकरवी चाळणीही लावली जाते. त्यानंतर भांडाराच्या स्वतःच्या सर्व्हरवर ॲपची बांधणी होते.

नकाशाच्या ॲपांचे बहुधा या चाळणीतच अडते. फोन कोठे आहे हे कळण्याकरिता अनेक ॲप गूगलचे बंदिस्त घटक वापरतात. ते वगळून अँड्रॉइडच्या मूळ सोयीवर चालणारी निराळी आवृत्ती रचावी लागते. ऑरगॅनिक मॅप्सच्या संहितेत एफ-ड्रॉइडकरिता अशी वेगळी बांधणी ठेवलेली आहे. एखादे ॲप मुक्त असूनही बंदिस्त सेवेवर अवलंबून असेल, तर त्याच्या पानावर तसा इशारा छापला जातो. दोष लपविण्यापेक्षा तो सांगून टाकण्याची ही रीत प्रशंसनीय होय.

या पद्धतीस थोडी किंमत मोजावी लागते. नवी आवृत्ती येथे काही दिवस उशिरा पोहोचते. शिवाय प्रत्येक ॲपवर बांधणाऱ्याची डिजिटल सही असते, व सही निराळी असल्यास अँड्रॉइड एका आवृत्तीवर दुसरी बसू देत नाही. सबब दुसऱ्या भांडारातून घेतलेले ॲप काढून एफ-ड्रॉइडचे घेताना, जतन केलेल्या खुणा प्रथम बाहेर काढून ठेवाव्यात. अन्यथा त्या नष्ट होतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत याचा उपयोग साधा आहे. तालुक्याच्या गावी इंटरनेट असेल तेथे नकाशा एकदा उतरवून घेतला की पुढे वाडीवस्तीवर तो इंटरनेटविना उघडतो. भूगोलाच्या तासाला ओढा, शिवार व शेजारचे गाव दाखविता येते. नकाशात आपली शाळा नसल्यास, ओपनस्ट्रीटमॅपवर विनामूल्य खाते उघडून शिक्षकास त्याच ॲपमधून शाळा, दवाखाना वा दुकान यांची नोंद करता येते. नाव देवनागरीत लिहावे, व केवळ प्रत्यक्ष पाहिलेलेच नोंदवावे. दुसऱ्या छापील वा कंपनीच्या नकाशावरून उतरवून घेण्यास मनाई आहे. रस्ता वा पाऊलवाट आखण्याची सोय मात्र या ॲपमध्ये नाही. ते काम ओपनस्ट्रीटमॅपच्या संपादकात करावे लागते. केलेली नोंद नकाशाची पुढील आवृत्ती उतरवून घेतल्यावर सर्वांच्या फोनवर दिसू लागते.