रात्रपाळीची शाळा

जूनच्या मध्यात उन्हाळी सुट्टी संपते आणि कळवणहून अभोणा, कनाशी, दळवटकडे जाणाऱ्या एसटीत पत्र्याच्या पेट्या चढू लागतात. पेटीवर ऑइलपेंटने नाव आणि इयत्ता लिहिलेली असते, आणि इयत्तेचा आकडा दरवर्षी खोडून नवा घातलेला. आत गणवेश, एखादी गोधडी, साबण, खोबरेल तेलाची बाटली आणि घरून दिलेला खाऊ. कुलपाची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात. पोर पहिलीतले असले तर पेटी बापाच्या डोक्यावर असते आणि पोराचा हात आईच्या पदरात. आश्रमशाळेच्या फाटकाशी तो पदर सोडवायचे काम कोणाला तरी करावे लागते. बहुतेक वेळा ते अधीक्षिकेकडे येते.

कळवण म्हटले की भाविकाला सप्तशृंगीचा गड आठवतो आणि व्यापाऱ्याला कांदा. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या कोकणा आणि भिल्ल घरांत मात्र कळवण म्हणजे ‘प्रकल्प’. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प या लांबलचक नावाचे लोकांनी केलेले हे सुटसुटीत रूप. कळवण, सुरगाणा, बागलाण या भागातल्या शासकीय आश्रमशाळा याच कार्यालयाच्या हाताखाली चालतात. इथल्या कित्येक घरांत दहावी झालेला पहिला माणूस आश्रमशाळेतूनच बाहेर पडला. जिल्ह्यातल्या नामांकित हायस्कुलांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका निघतात. या शाळांवर तसे कोणी फारसे लिहीत नाही.

इतिहास तसा मोठा आहे. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढले, त्यातून आश्रमशाळेची कल्पना रुजली. त्यांच्याच प्रेरणेने दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये डांग सेवा मंडळ सुरू केले आणि नाशिकच्या डोंगरपट्ट्यात, पेठ-सुरगाण्यापासून अभोण्यापर्यंत, शिक्षणाचे काम नेले. स्वातंत्र्यानंतर सरकारने आधी अशा संस्थांना अनुदान दिले. मग १९७२-७३ पासून क्षेत्रविकासाचा दृष्टिकोन म्हणून स्वतःच्या शासकीय आश्रमशाळा उघडायला सुरुवात केली. आदिवासी विकासाचा स्वतंत्र विभाग त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी आला. म्हणजे शाळा आधी आणि खाते मागाहून. आज राज्यात सरकारी आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत आणि त्यांचे आयुक्तालय नाशकातच आहे.

निवासी शाळाच का, याचे उत्तर दिवाळीनंतर मिळते. भात आणि नागली निघाली की पश्चिमेकडची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. विरळणी, डिपिंग, खुडणी असे करत उन्हाळा लागेपर्यंत तिकडेच. घरी म्हातारी माणसे उरतात, तीही सगळ्याच घरांत नाही. गावातल्या शाळेत नाव असलेले पोर मग आईबापांबरोबर बागेच्या बांधावर जाते आणि आश्रमशाळेतले पोर शाळेत राहते. या परिसरात शिक्षणाचा प्रश्न मुळात डोक्यावरच्या छपराचा आणि दोन वेळच्या जेवणाचा आहे.

म्हणून या शाळेचा दिवस घंटेआधी सुरू होतो. पहाटे पाचच्या सुमाराला उठणे, मग हातपाय धुऊन प्रार्थना, कवायत. अंघोळीला रांग. सौरबंब असला आणि चालू असला तर गरम पाणी, नाहीतर थंडीतही गार. नाश्त्याला पोहे किंवा उपमा. दूध, अंडी, केळी ठरल्या वारांना. दुपारी पोळी, भाजी, वरण, भात. पहिली ते दहावीची शाळा पूर्ण पटाची असली तर तीन-चारशे ताटे. मुले स्वयंपाकिणीला मावशी म्हणतात आणि कामाठ्याला मामा. सरकारी पदनामांत एवढे जवळचे नाते दुसरीकडे सापडणार नाही. मावशींच्या कणकेच्या पराती आणि भाताची पातेली दोघांनी धरल्याशिवाय उचलत नाहीत, आणि पोळ्यांची शेवटची चळत उतरेपर्यंत संध्याकाळच्या भाजीची चिराचिरी सुरू झालेली असते.

पहिलीतल्या पोराला घरची कोकणा बोली येते आणि पुस्तकातली मराठी येत नाही. शिक्षक धुळे-जळगावकडचे असले तर त्यांना ती बोली येत नाही. अशा वेळी पहिले काही आठवडे वर्गाचा खरा दुभाषी बहुधा चौथी-पाचवीतला एखादा गाववाला असतो. मोठी मुले लहानांच्या वेण्या घालतात, पेट्यांची कुलपे उघडून देतात, रात्री उठलेल्यांना सोबत जातात. बाजारच्या दिवशी पालक भेटायला येतात. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव आला की काही वर्ग विरळ होतात. मुले देवाला गेलेली असतात आणि अनुभवी मुख्याध्यापक त्यावर फार आरडाओरडा करत नाहीत.

या सगळ्या रचनेत एक पद फार विलक्षण आहे: अधीक्षक, आणि मुलींसाठी अधीक्षिका. शिक्षक संध्याकाळी मोकळे होतात. अधीक्षिकेचे काम तेव्हा सुरू होते, आणि सकाळचे संपलेले नसतेच. कोठीतल्या धान्याची नोंद, किती ताटे लागली याचा हिशेब, रजेवर गेलेल्या मुलींची चौकशी, खरजेवर मलम, ताप मोजणे, पहिल्यांदा पाळी आलेल्या मुलीला समजावणे, रात्रीची हजेरी. ही रात्रीची हजेरी म्हणजे आश्रमशाळेचा कणा. दिवसाच्या हजेरीत एक आकडा चुकला तर कागद दुरुस्त होतो. रात्री नऊला एक डोके कमी भरले तर अधीक्षिकेला बॅटरी घेऊन बाहेर पडावे लागते. मुली दीडशे असोत की दोनशे, हे पद शाळेला एकच मंजूर आहे. तिने सुट्टी काढली किंवा ते पद रिकामे राहिले, तर त्या रात्री मुलींपाशी कोण असते, हा प्रश्न कोणत्याही भेट देणाऱ्या अधिकाऱ्याने पहिला विचारावा असा आहे. बहुतेक जण निकालाची टक्केवारी विचारतात.

हा काही कल्पनेतला धोका नाही. आश्रमशाळांतल्या बालमृत्यूंवरून उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. २०१६ मध्ये आरोग्य खात्याचे माजी महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने या मृत्यूंचा अभ्यास केला. साप चावणे, अंगावर काढलेला ताप आणि नेमके कारण नोंदलेच न गेलेले मृत्यू, असे त्यातले वास्तव होते. त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यातल्या पाळा येथील अनुदानित आश्रमशाळेतले मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण उघडकीला आले. प्रत्येक वेळी समित्या बसल्या, परिपत्रके निघाली आणि त्यांतल्या बऱ्याचशा सूचना शेवटी त्याच एका अधीक्षिकेच्या टेबलावर येऊन पडल्या.

बाकी प्रयोगही पुष्कळ झाले. गणवेश, साबण, तेल, वह्या यांच्या खरेदीतल्या तक्रारी वाढल्यावर २०१७ पासून वस्तूंऐवजी पैसे थेट खात्यात देण्याची पद्धत आली. त्याने दलाल घटले, पण आदिवासी पाड्यावरून बँकेपर्यंतची पायपीट पालकांच्या वाट्याला आली. इगतपुरीजवळ मुंढेगावला मध्यवर्ती स्वयंपाकगृह उभारून तिथून शाळांना गाड्यांनी जेवण पोहोचवले गेले. स्वच्छता आणि मोजमाप तिथे चोख असेल. पण गाडीला उशीर झाला तर भुकेले पोर कोणत्या मावशीकडे जाणार? करोनाच्या वर्षी शाळा बंद पडल्या, मुले पाड्यांवर परतली, तेव्हा ‘अनलॉक लर्निंग’ उपक्रमात शिक्षकच वाड्या-पाड्यांवर गेले. मोबाइलला रेंज नसलेल्या या मुलखात तोच खरा उपाय होता. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली, तेव्हा अख्ख्या राज्याने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या योग्यच होत्या. पण त्या आश्रमशाळांतल्या रिकाम्या पदांपर्यंत पोहोचल्या नाहीत.

वर्षानुवर्षे तासिका किंवा रोजंदारीवर काम करणारे शिक्षक, स्वयंपाकी, कामाठी यांच्या जोरावर ही व्यवस्था चालत आली. २०२५ मध्ये सतराशेहून अधिक पदे बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत भरण्याचे ठरले, तेव्हा यांपैकी अनेकांनी जुलैपासून नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले. भर पावसात, रस्त्यावर चूल लावून, महिनोन्‌महिने. सरकारचे म्हणणे असे की शिक्षकांना पात्रतेच्या अटी हव्यात आणि पदे नियमाने भरली पाहिजेत. शिक्षकांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण ज्या मावशीने दहा वर्षे चारशे पोरांच्या पोळ्या लाटल्या, तिची पात्रता कोणत्या कागदावर मोजणार? आणि दर करारागणिक माणूस बदलणारा ठेकेदार त्या पोरांची नावे कधी शिकणार?

कळवणच्या पट्ट्यात आता पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे. एकलव्य निवासी शाळा आणि ‘नामांकित’ योजनेतल्या शहरी शाळा यांत नंबर लागावा म्हणून धडपड चालते, आणि त्यात गैर काही नाही. तरी ज्यांचा नंबर लागत नाही त्यांची, म्हणजे बहुसंख्य मुलांची शाळा हीच राहणार आहे. तिला संगणक कक्ष, रंगरंगोटी, डिजिटल फळा हे सगळे मिळावे. पण क्रम चुकू नये. आधी प्रत्येक शाळेत कायम नेमणुकीची अधीक्षिका, तिच्या रजेच्या काळात बदली देणारी दुसरी, आणि पगार वेळेवर मिळणारे स्वयंपाकी व चौकीदार. एवढी पदे भरलेली नसतील, तर त्या वसतिगृहात मुलींना मुक्कामाला ठेवण्याची परवानगी प्रकल्प कार्यालयाने देऊ नये.