वारा कोठून निसटतो ?

घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे तीन प्रकारचे लोक पुढें येतात. एक तें टाकून द्या म्हणतो, दुसरा हातांत पाना घेऊन तें आवळूं लागतो, आणि तिसरा बिघाड नेमका कोठें आहे हें आधीं पाहूं या म्हणतो. पहिल्या दोघांची संख्या नेहमींच मोठी असते. आम्हीही परवांपर्यंत त्यांतील दुसऱ्या वर्गांत मोडत होतों, हें प्रथम कबूल करून मग मूळ गोष्टीकडे वळतों.

आमच्या नातीनें यंदां घरच्या गणपतीची शाडूची मूर्ति स्वतः केली. नागपुरांतील महाल भागांतली चितार ओळ ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ठाऊकच असेल कीं, गणेशचतुर्थी जवळ आली म्हणजे तेथील मूर्तिकारांच्या मांडवांतून कॉम्प्रेसरची घरघर ऐकूं येते. मूर्तीचा अंगरंग, गालांवरील लाली, पीतांबराच्या चुण्यांतील छाया हीं कामें वाऱ्याच्या फवाऱ्यानें होतात. डोळ्यांची आखणी मात्र कुंचल्यानेंच. तें पाहून मुलीनें गतवर्षीं शिकवण्यांच्या पैशांतून एक लहान एअरब्रश व तीन लिटर टांकीचा कॉम्प्रेसर घेतला होता. हरतालिकेस चार दिवस उरले असतां रंगास आरंभ झाला, आणि वीस मिनिटांत यंत्र तापून बंद पडलें. दुसऱ्या दिवशींही तोच प्रकार. कोठून तरी फुस्स असा आवाज येई, परंतु तो यंत्राच्या आसपास आहे यापलीकडे कांहीं उमगेना. थोरल्या चिरंजीवांनीं निकाल दिला : “टांकीच फुटकी दिसते. नवें यंत्र आणावें लागेल.” मुलगी त्यावर कांहीं बोलली नाहीं. रात्रीं मात्र आमच्यापाशीं येऊन म्हणाली, “आबा, यंदां मूर्ति बाजारांतूनच आणूं या. मला हें जमायचें नाहीं.”

हें वाक्य आम्हांस लागलें. यंत्र गेलें तर पैसे जातात. पण शिकणाऱ्याचा हात एकदां मागें सरला म्हणजे तो पुन्हां पुढें येण्यास वर्षें लागतात. शिक्षकी पेशांत आम्हीं हें पुष्कळ वेळां पाहिलें आहे.

आतां यंत्राची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. चार्ल्स बर्डिक या अमेरिकन चित्रकारानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एअरब्रशचें पेटंट घेतलें. आजचीं उपकरणें बऱ्याच अंशीं त्याच धर्तीचीं आहेत. त्यास वारा पुरविणारा कॉम्प्रेसर एका दट्ट्यानें हवा टांकींत कोंबतो. गेजचा कांटा चार बारवर, म्हणजे सुमारें ५८ पौंडांवर, पोंचला कीं प्रेशर स्विच मोटर बंद करतो, आणि कांटा तीनवर उतरला कीं पुन्हां सुरू करतो. टांकींतील हवा पुढें रेग्युलेटरमध्यें येते. तेथें तिचा दाब दीड-दोन बारपर्यंत उतरवितात व तिच्यांतील पाणी एका पेल्यांत सांठतें. त्यापुढें नळी, आणि शेवटीं एअरब्रश. आमचें यंत्र मिनिटास सुमारें वीस लिटर हवा देतें. एअरब्रशास त्यांपैकीं दहा-बारा लिटर लागते. उरलेल्या काळांत मोटरीनें विसावा घ्यावा अशी ही योजना आहे. परंतु वाटेंत पांच-सहा लिटर हवा निसटली तर विसावा उरत नाहीं व मोटर तापते.

तरुणपणीं तर्कसंग्रह शिकतांना अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द आम्हीं घोकले होते. एक गोष्ट असतां दुसरी असणें हा अन्वय. दुसरी नसतां पहिलीही नसणें हा व्यतिरेक. त्या रात्रीं मनांत आलें कीं, हाच न्याय येथें कां लावूं नये ? जो भाग जोडला असतां कांटा उतरतो आणि तोडला असतां उतरत नाहीं, दोष त्या भागांतच असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही आजोबा-नात कागद-पेन्सिल घेऊन बसलों. प्रथम रेग्युलेटर पूर्ण बंद केला, टांकी चार बारपर्यंत भरूं दिली व विजेची पिन काढली. येथें एक सूचना. दाबलेली हवा तापलेली असते, आणि ती निवतांना गळतीवांचूनही कांटा थोडा उतरतो. साठ अंशांवरची हवा चाळीसवर आली तर चार बारचे सुमारें पावणेचार होतात. म्हणून दहा मिनिटें थांबून मगच कांट्याची खूण केली. पंधरा मिनिटें झालीं, कांटा हलला नाहीं. म्हणजे टांकी, स्विच, झडप सर्व निर्दोष ! मोटर थांबतांना क्षणभर येणारा फुसकारा स्वाभाविक असतो. तो चालूच राहिला तरच टांकीच्या एकमार्गी झडपेचा संशय घ्यावा.

दुसऱ्या पायरीस रेग्युलेटर उघडला. एअरब्रश मात्र नळीस जोडला नाहीं. नळीच्या टोंकाची जोडणी अशी असते कीं, एअरब्रश काढतांच ती आपोआप मिटते. कांटा अर्ध्या मिनिटांत तीनवर आला. तीन लिटरच्या टांकींत एक बार उतरणें म्हणजे तीन लिटर हवा जाणें. मिनिटास सहा लिटर झाली. हिशेब जुळला. नंतर भांड्यांच्या साबणाचा फेस कुंचल्यानें प्रत्येक जोडास लावला. नळीची चकती रेग्युलेटरवर जेथें आवळली जाते तेथें बुडबुडे फुगूं लागले. तो जोड स्विचच्या शेजारींच असल्यामुळें सर्वांस टांकीचा संशय आला होता.

आणि त्या जोडावर टेफ्लॉन टेपचे चार वेढे होते. ते आमच्याच हातचे ! पहिल्या दिवशीं आवाज ऐकून, नळाच्या तोटीस गुंडाळतात तशी टेप आम्हीं मोठ्या विश्वासानें गुंडाळली होती. टांकी रिकामी करून जोड सोडविला तेव्हां आंतील रबराची कडी कडक होऊन चिरलेली आढळली. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, आणि यंत्र मे महिनाभर माळ्यावर पडलेलें. त्यांत टेपेच्या जाडीमुळें चकती पुरती बसेना, आणि गळती वाढली. ज्या जोडास रबराची कडी आहे तेथें टेप लावूं नये. धातूचे आटेच जेथें हवा अडवितात तेथें ती आट्याच्या दिशेनें दोन-तीन वेढे लावावी, हा धडा उतारवयांत मिळाला. इतवारींतून त्याच मापाची कडी आणली. तिची किंमत चहाच्या एका पेल्याहून अधिक नव्हती.

तिसऱ्या पायरीस एअरब्रश जोडून पाहिला. त्यांत दोष निघाला नाहीं. रंगाच्या वाटींत बुडबुडे येऊं लागले तर पुढील तोंड सैल आहे किंवा तेथें रंग अडकला आहे असें समजावें. खटका न दाबतां वारा वाहत असेल तर खटक्याखालील झडप साफ करावी.

कांहीं पथ्यें मात्र विसरूं नयेत. टांकी रिकामी केल्यावांचून कोणताही जोड सोडवूं नये. साबणाचें पाणी विजेची पिन काढूनच लावावें, स्विचवर तर मुळींच नको. सुरक्षा-झडप फुसफुसते म्हणून ती कधींही बांधूं नये. पावसाळ्यांत टांकींतलें पाणी रोज काढावें, आणि रंगवितांना नाकातोंडावर मुखवटा असावा.

त्या दुपारीं अंगरंग पुरा झाला. मध्येंच हात थांबवून मुलगी म्हणाली, “आबा, मोटर किती वेळ गप्प आहे पाहा !” डोळ्यांची आखणी तिनें हरतालिकेच्या आदल्या रात्रीं केली, आणि टांकी फुटकी म्हणणारे तिचे काकाच दिवा धरून उभे होते. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें एखादें यंत्र माळ्यावर रुसून बसलें असेल, त्यांनीं नवें आणण्यापूर्वीं एक सकाळ कांट्याकडे पाहात बसावें; शेजारीं घरांतील एखादें मूल घेऊन बसल्यास अधिक चांगलें.