प्लास्टिकच्या पिशवीतला गंजासुर
'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावरचा खेळ १९७४चा. त्याचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांना हाँगकाँगी बनावटीच्या स्वस्त प्लास्टिक प्राण्यांची पिशवी मिळाली. त्यातल्याच एका शेपटीला पाती असलेल्या विचित्र प्राण्याचा झाला 'रस्ट मॉन्स्टर'. झुरळासारख्या लांब मिशा लावून लोखंड गंजवायचं आणि तो गंज खायचा, हा त्याचा उद्योग. माणसाच्या मांसात त्याला रस नाही, तरी ड्रॅगनला भिडणारा चिलखतधारी याला पाहून धूम ठोकतो! त्याचं चित्र काढताना हसू आणायचं तर सुळे नकोतच. भुकेल्या कुत्र्याचे आर्जवी डोळे काढावेत, चिलखताला मिशी अलगद टेकवावी आणि तिथून पसरणारा विटकरी डाग मन लावून रंगवावा. शेपटीची पातीही विसरू नयेत; याच खेळाच्या १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकातल्या रेखाटनातही ती कायम आहेत.